धरून चालणे

आइसलँडच्या उत्तरेला, एका फ्योर्डच्या टोकाशी,
हाल्बेराच्या दारापासून मेंढवाड्यापर्यंत
एक दोर आहे.
कमरेइतक्या उंचीवर, सात खुंटांवरून गेलेला.
उन्हाळ्यात त्यावर मोजे वाळतात,
पळताना आडवा येतो म्हणून नातू शिव्या घालतो.
तो कशासाठी आहे, हे कुणी विचारत नाही.

मग एखाद्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमाराला,
आभाळ आणि जमीन यांमधली शिवण उसवते.
पांढरं. नुसतं पांढरं.
लांब केलेला स्वतःचा हातही परक्याचा.
तेव्हा हाल्बेरा डावा हातमोजा दोरावर ठेवते
आणि निघते.

मराठीत आपण म्हणतो, धरून चालू.
धरून चालू, की पोरगा परत येईल.
धरून चालू, की माणसं मुळात बरी असतात,
किंवा नसतात.
जन्मभर म्हणत आलो,
पण त्यात खराखुरा हात आहे
आणि खरंखुरं चालणं,
हे मला त्या दाराशी उभं राहिल्यावर कळलं.

दोर बांधला तिच्या सासऱ्याने, एयविंदुरने.
त्याचा भाऊ, दोर नव्हता तेव्हा,
मेंढ्या बघून येतो म्हणून गेला.
एप्रिलात सापडला
दारापासून अकरा पावलांवर,
दाराकडे पाठ करून.
त्यामुळे दोर सोडा, मोकळे व्हा, असं सांगणाऱ्यांशी
या घरात कुणी वाद घालत नाही.
त्यांना कॉफी देतात
आणि खिडकीजवळ बसवतात.

त्या ऑक्टोबरात जुना मेंढवाडा पाडला.
नवा बांधला ओढ्याच्या अलीकडे, पत्र्याचा.
दोर हलवायचा राहिला.
राहिला म्हणजे विसरला नाही कुणी;
दोर ही हलवायची गोष्ट असते
हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं.

जानेवारीत वादळ आलं.
हाल्बेराने सात खुंट मोजले,
सातव्यापाशी नेहमीसारखा खांदा पुढे केला
दार ढकलायला.
खांदा हवेत गेला.

'भीती नाही वाटली,' ती सांगते,
'आधी राग आला. मेंढवाड्याचा.'
पुन्हा ढकललं तिने, दोनदा,
जिथे काहीच नव्हतं तिथे, जोर लावून.
गुडघ्यांवर बसून बर्फ उकरला,
उंबरठा लागतो का म्हणून.
मग आठवलं:
भिंती पाडणाऱ्यांना कॉफी तिनेच दिली होती.
डोक्याला ठाऊक होतं सगळं.
हाताला कुणी सांगितलं नव्हतं.

नवा मेंढवाडा तिथून तीसेक पावलं. डावीकडे कुठेतरी.
मेंढ्यांचं ओरडणं वारा तुकड्यांनी आणत होता,
एकदा इकडून, एकदा भलतीकडून.
एक हात दोरावर ठेवून
तिने दुसरा आवाजाकडे लांब केला.
दोन हातांच्या मध्ये ती.
पलीकडे चुलतसासऱ्याची वाट,
अलीकडे घर,
आणि दोरावर मेंढ्या नव्हत्या.
ती बराच वेळ तशीच उभी होती.

परत आली. दोर धरूनच.
वादळ तीन दिवस राहिलं.
मेंढ्यांचं काय झालं ते ती सांगत नाही,
टेबलावरचे पावाचे कण
बोटाने एकत्र करते.

मी विचारलं, बाकीचे दोर कोणी बांधले?
पापाचे, पैशाचे,
मुलीने गाव सोडलं म्हणजे काय झालं याचे?
तिने खोलीभर नजर फिरवली,
खरंच शोधत.
'कुठले?' म्हणाली.

बाहेर ऊन होतं. मेचा शेवट.
नव्या मेंढवाड्याकडे नवा दोर गेलेला, निळा, नायलॉनचा.
जुनाही तसाच,
सात खुंट चालून कुठेच न पोचणारा.
'हा का नाही काढला?'

तिने माझ्याकडे पाहिलं,
वादळात दाराला धक्का देऊन फसलेल्या माणसाकडे
बघावं तसं.
'मग मोजे कुठे वाळत घालू?'